दंडोबाचा डोंगर चढताना छाती भरून येते, ईसीजी मात्र नॉर्मल. ‘बॉर्डरलाइन’ आकडे किती मनावर घ्यायचे?

तासगावकर_८१

नमस्कार मंडळी. थोरल्या भावाचे रिपोर्ट खाली देतोय, जाणकारांनी नजर टाकावी.

वय ४७. उंची १६८ सेंमी, वजन ७८ किलो, बेंबीवरून कंबर ९८ सेंमी. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात बैठं काम. बीपी १३८/८८, एकदाच मोजलेलं. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. एकूण कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १४०. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.०. दारू, विडी, सिगारेट नाही. तंबाखू-चुना दिवसाला आठ-दहा वेळा. वडिलांची ५२व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली होती.

गेल्या तीनेक आठवड्यांपासून जेवून भरभर चाललं किंवा दंडोबाचा चढ चढला की छातीच्या मधोमध जड होतं, जबड्यापर्यंत ओढ जाते. उभं राहिलं की तीन-चार मिनिटांत उतरतं. ढेकरही येतात, म्हणून घरात सगळे पित्तच धरून बसलेत. ईसीजी काढला, नॉर्मल आहे.

रिपोर्टात एचडीएलपुढे छोटा बाण आहे, बाकी सगळीकडे ‘बॉर्डरलाइन’. एकही आकडा फार वर नाही. मग काळजीचं काय आहे, आणि सुरुवात कुठून करायची?

कृष्णाकाठ_फिजिशियन

आकडे नंतर बघू, आधी लक्षण. छातीत दुखणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्या लागतात. छातीच्या मधोमध दाब, आवळणं किंवा जडपणा आहे का? श्रमाने किंवा मनस्तापाने सुरू होतो का? थांबल्यावर पाचेक मिनिटांत जातो का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की तो अँजायना, म्हणजे हृदयाच्या स्नायूला कामापुरतं रक्त पोचत नसल्याची खूण, असं धरूनच पुढे जायचं. तुमच्या भावाची तिन्ही उत्तरं ‘हो’ आहेत.

पित्ताची जळजळ पायऱ्या मोजत नाही. ती वाकल्यावर, आडवं झाल्यावर, तिखट खाल्ल्यावर वाढते आणि बसून राहिलात तरी राहते. ढेकरेचा घोटाळा असा की ढेकर येते तेव्हा माणूस आधीच थांबलेला असतो. आराम पडतो थांबल्यामुळे, श्रेय जातं ढेकरेला. जेवणानंतर त्रास लवकर होतो, कारण पचनासाठी पोटाकडे जादा रक्त पाठवताना हृदयाचं काम आधीच वाढलेलं असतं. त्यात भरभर चालणं आलं. भावाला दुखण्याची जागा दाखवायला सांगा. एका बोटाने नेमकी जागा दाखवली आणि तिथे दाबल्यावर दुखलं, तर बरगडीचा किंवा स्नायूचा त्रास असू शकतो. छातीवर मूठ किंवा अख्खा तळवा ठेवला तर हृदयाचा संशय वाढतो.

ईसीजीबद्दल. तो काढला पलंगावर आडवं करून. तेव्हा हृदयाला फारसं रक्त लागतच नाही. तुमच्या भागात द्राक्षबागेचं ठिबक सगळ्यांना ठाऊक आहे. मुख्य नळीत क्षार साचून ती निम्म्याहून जास्त बुजली तरी एकच व्हॉल्व्ह चालू असताना पाणी ठीक दिसतं. सगळे व्हॉल्व्ह एकदम सोडले की शेवटच्या ओळीला थेंब येत नाही. हृदयाची धमनी साधारण ७० टक्के अरुंद झाली की श्रमात त्रास सुरू होतो, विश्रांतीत सगळं सुरळीत. स्थिर अँजायना असलेल्या कित्येकांचा विश्रांतीतला ईसीजी स्वच्छ असतो. ‘ईसीजी नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच की काढला त्या क्षणी झटका चालू असल्याची खूण दिसली नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. एकही आकडा फार वर नाही हे खरं, पण जोखीम बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) धूम्रपानामुळे हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता साधारण २.९ पट, मधुमेहामुळे २.४ पट, उच्च रक्तदाबामुळे १.९ पट दिसली. तिन्ही एकाच माणसात असले तर १३ पट. त्याच अभ्यासातून हेही पुढे आलं की भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरत्र तो ५९च्या आसपास. तंबाखू चघळणाऱ्यांचीही जोखीम त्यात दुपटीहून जास्त निघाली, तेव्हा ‘ओढत तर नाही’ हा दिलासा धरू नका.

तुमच्या भावात काय काय एकत्र आलंय? वडिलांना ५५च्या आत आजार (आई किंवा बहिणीच्या बाबतीत ही रेषा ६५ची). तंबाखू. ९० सेंमीच्या पुढची कंबर. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर. कमी एचडीएल, वाढलेलं एलडीएल, सीमेवरचं बीपी. वय आणि वडिलांचा वारसा बदलता येत नाही. बाकी सगळं हातात आहे.

आणखी एक. अँजायना अरुंद नळीतून येतो, पण झटका बऱ्याचदा फारशा अरुंद न झालेल्या जागी येतो. तिथला मऊ चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि नळी मिनिटांत बंद होते. त्यामुळे एक ब्लॉक उघडला म्हणजे काम झालं असं होत नाही. तंबाखू, एलडीएल, बीपी आणि साखर सगळ्याच नळ्यांवर काम करत असतात.

आता करायचं काय. त्रास नवा आहे, दोन महिन्यांच्या आतला. अशा नव्या अँजायनाला थांबायला वेळ नसतो. एक-दोन दिवसांत फिजिशियन किंवा हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. तोवर दंडोबा नको, पळणं नको, जड उचलणं नको. शिबिरात किंवा पॅकेजमध्ये आपल्या मनाने स्ट्रेस टेस्ट (श्रम करवून घेतलेली हृदयाची तपासणी) करून घेऊ नका. ट्रेडमिल, स्ट्रेस इको की सीटी अँजिओ हे तपासणाऱ्याने ठरवायचं. बसल्याजागी, झोपेत किंवा सपाटीवर चार पावलांत त्रास व्हायला लागला, किंवा तो वाढत चालला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच घटकेला दवाखाना गाठा.

लॅब_मिरज

वरच्या आकड्यांबद्दल लॅबच्या बाजूने थोडं.

बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा. २१२ – ३४ – ३८ = १४०. म्हणजे तुमचा आकडा हिशेबाचाच आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही. तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ मागायचं. आदल्या रात्रीचं मटण-जेवण किंवा दारू ट्रायग्लिसराइड फुगवते, म्हणून ते पुन्हा बघायचं असेल तर १०-१२ तास उपाशी राहून या, पाणी चालतं.

‘बॉर्डरलाइन’ शब्दात फसू नका. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली रेंज सर्वसाधारण असते, त्या माणसाची जोखीम तिला माहीत नसते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेली उद्दिष्टं अशी: जोखीम कमी असलेल्याला एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा बीपीसारखी मोठी जोखीम असेल तर ७० च्या खाली, हृदयविकार सिद्ध झाला की ५५ च्या खाली. भावाला अँजायना निघाला तर १४० हा आकडा सीमेवरचा राहत नाही, उद्दिष्टाच्या अडीच पट ठरतो.

रिपोर्टात न छापलेला एक आकडा स्वतः काढा: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल. इथे १७८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. वाहिनीत साचणारे सगळे कण त्यात येतात. वाढलेलं ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल ही जोडी आपल्याकडे फार दिसते, आणि तिथे एकट्या एलडीएलपेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो. उद्दिष्ट एलडीएलच्या उद्दिष्टापेक्षा ३० ने वर धरायचं.

पुढच्या रक्तात डॉक्टरांना विचारून तीन गोष्टी घाला. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक चरबीचा कण): हा बहुतांशी जन्मजात ठरतो, आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो, ५० मिग्रॅच्या वर असेल तर जोखीम वाढते. वडिलांना लवकर आजार झालाय, तेव्हा तो बघायलाच हवा. टीएसएच: थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेही चढतं. आणि लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, कारण क्रिएटिनिन १.० असतानाही मूत्रपिंडाचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. हिमोग्लोबिनही बघून घ्या. लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं.

तासगावकर_८१

मनापासून आभार. उद्या सकाळची मिरजेची अपॉइंटमेंट घेतली. दोन शंका. तो आठवड्याभरापासून सकाळी पळायला लागलाय, वजन उतरवायचं म्हणून, सातारच्या हिल मॅरेथॉनचं डोक्यात आहे. ते पूर्ण बंद का? आणि आई ६६ वर्षांची, मिश्री लावते, तिला चढावर धाप लागते पण छातीत दुखत नाही. तिलाही न्यावं का?

कृष्णाकाठ_फिजिशियन

पळणं आज बंद. त्या मॅरेथॉनमधला यवतेश्वराचा घाट हा धडधाकट हृदयाचीही परीक्षा आहे. तपासणी होऊन औषधं बसली की व्यायाम पुन्हा सुरू होईल, तोही चालण्यापासून. वेग असा ठेवायचा की चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू न्यायचं. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश, जेवणानंतर दीड-दोन तास सोडून, कडाक्याच्या थंडीत पहाटे नाही. थंडीने वाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं.

आईंना उद्याच सोबत न्या. बायकांमध्ये, म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेह्यांत अँजायना छातीतल्या दुखण्याऐवजी धाप, दरदरून घाम, मळमळ, पाठीत किंवा खांद्यात ओढ, कारण नसताना थकवा अशा रूपात येतो. पाळी गेल्यावर जोखीम वाढते. ४५ च्या आत अंडाशयासह पिशवी काढली असेल तर आणखी. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, हेही डॉक्टरांना सांगा, तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं असलं तरी.

पाटण_आरोग्यसेवक

बीपी एकदाच मोजलंय, म्हणून लिहितो. १३८/८८ हा आकडा खरा आहे की नाही हे मोजण्याच्या पद्धतीवर ठरतं. चहा, तंबाखू, जिना यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवी करून या. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, पाच मिनिटं गप्प बसा. उघड्या दंडावर पट्टा, दंड टेबलावर टेकवून हृदयाच्या पातळीत. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटं जास्त येतं. दंड लोंबकळत ठेवला तरी जास्तच येतं. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं मोजून पहिल्या दिवसाचे आकडे सोडा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते उच्च रक्तदाबच. यंत्र दंडाचं घ्या, मनगटाचं नको. तिशीच्या पुढच्या कुणालाही प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात बीपी आणि साखर फुकट मोजून मिळते.

तंबाखू या सगळ्यात आधी. निकोटिनने नाडी आणि बीपी चढतं, वाहिन्या आकसतात, आणि हे दिवसातून आठ-दहा वेळा. मिश्रीही तंबाखूच आहे. भाजल्याने त्यातलं निकोटिन जात नाही. ‘दात साफ करायला’ म्हणून ती मोजलीच जात नाही एवढंच. सोडण्याची तारीख आठवड्याभरातली ठरवा. आदल्या दिवशी पुडी, डबी, चुन्याची नळी सगळं घराबाहेर, कारखान्याच्या ड्रॉवरमधलंसुद्धा. चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं पहिल्या तीन-चार दिवसांत जास्त असतं, तीन-चार आठवड्यांत ओसरतं. एकेक तलफ पाच-दहा मिनिटांची असते; तेवढा वेळ बडीशेप, लवंग किंवा पाणी तोंडात ठेवून काढायचा. निकोटिन गम २ मिग्रॅ आणि ४ मिग्रॅमध्ये मिळतं. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागते असा माणूस ४ मिग्रॅचा. गम च्युइंगमसारखं चावत राहायचं नसतं, इथेच बहुतेक चुकतात. तिखट झिणझिण्या येईपर्यंत चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडं चावायचं, असं अर्धा तास. सतत चावलं तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस म्हणतो मला हे चालत नाही. आधी पंधरा मिनिटं चहा-ताक नको, आंबटाने शोषण कमी होतं. भावाला छातीचा त्रास आहे, तेव्हा गम डॉक्टरांना विचारूनच. फोनवर मराठीतून बोलायला राष्ट्रीय टोल फ्री नंबर १८००-११२-३५६.

आहार_कराड

आहारात ‘तेलकट कमी खा’ सांगून कुणी बदलत नाही. घरचा डबा आणि पुडा मोजा.

मीठ: माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं मिळून. पाच माणसांच्या घरात एक किलोचा पुडा ४० दिवस जायला हवा. २५ दिवसांत संपत असेल तर माणशी ८ ग्रॅम झालं, आणि त्यात लोणचं, पापड, कुरडया, बेकरीचं धरलेलंच नाही. पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख टाका. ताटात डावीकडे मीठ वाढणं बंद, ठेचा आणि लोणचं यांपैकी एकच, ताकात मीठ नाही. कणीक आणि भातात मीठ नाही घातलं तर आठवड्यात जीभ सरावते. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते विचारल्याशिवाय आणू नका.

तेल: माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरा. पाच माणसांना १५ किलोचा डबा चार महिने पुरला पाहिजे. दोन महिन्यांत तळ दिसत असेल तर माणशी ५० ग्रॅम चाललंय. घाण्याचं शेंगदाणा तेल चांगलंच आहे, पण घाण्याचं म्हणून जास्त चालतं असं नाही. तळणाचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा कढवू नका. खारी, टोस्ट, नानकटाई रोजच्या चहातून काढा. अन्नपदार्थांतल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी मैदा आणि घट्ट चरबी त्यात राहतेच. भडंग चुरमुऱ्याचं म्हणून हलकं वाटतं. त्यातलं तेल, मीठ आणि शेंगदाणे बघा, मग वाटी ठरवा, पिशवी नाही.

साखर: ऑफिसात पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम. भावाचं १९० ट्रायग्लिसराइड आणि ६.१ एचबीए१सी इथूनच सुटायला लागेल. गूळ घातला तरी हिशेब तोच. कंदी पेढाही यात धरायचा.

ताटात निम्मी जागा भाजी आणि कोशिंबिरीला, दोन ज्वारीच्या भाकरी, मोड आलेली मटकी किंवा घट्ट आमटी, भात एक वाटी. मटण आठवड्यातून एकदा, चरबी काढून, रस्स्यावरचा तवंग पळीने काढून. वजन ७८ वरून सहा महिन्यांत ७२-७३ वर आलं तरी बीपी, साखर आणि ट्रायग्लिसराइड तिन्हींत फरक दिसतो. वजनापेक्षा कंबर मोजा, महिन्यातून एकदा, सकाळी, श्वास सोडून.

आहाराने एलडीएल थोडंच उतरतं, म्हणून डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) दिलं तर ‘मी पथ्याने करतो’ म्हणून टाळू नका. एलडीएल ३९ ने उतरलं की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करायची नाही. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगा, स्वतः सोडू नका.

रुग्णवाहिका_सातारा

तपासणी होईपर्यंत आणि नंतरही घरात एवढं ठरलेलं असू द्या.

छातीतला दाब विश्रांती घेऊनही थांबत नाही, घाम सुटलाय, धाप आहे: १०८ लावा. आधी गाव, मग रस्त्यावरची ठळक खूण सांगा, फोन चालू ठेवा. माणसाला पाठ टेकून अर्धवट बसवा. जिना उतरायला लावू नका, मोटरसायकलवर बसवू नका, गाडी त्याला चालवू देऊ नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, रक्ताची उलटी किंवा काळी शी होत नसेल, तोंड वाकडं किंवा हात लुळा नसेल, तर साधी अ‍ॅस्पिरिन ३०० ते ३२५ मिग्रॅ चावून खायला द्या. वेष्टन असलेली गोळी गिळली तर उशिरा लागू पडते. जिभेखालची सॉर्बिट्रेट (वाहिन्या सैल करणारी गोळी) ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलीय त्यालाच, बसवून द्या. बीपी कमी असताना किंवा पुरुषांच्या उत्तेजनेची गोळी आदल्या एक-दोन दिवसांत घेतली असताना ती दिली तर बीपी कोसळतं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं गोळ्यांचं पाकीट खिशात घेऊन फिरू नका. जोरजोरात खोकत राहायचा उपायही खोटा आहे.

कुठे न्यायचं हे आजच ठरवा. जत, आटपाडीकडून सांगली-मिरज गाठायला दीड-दोन तास जातात. एवढं अंतर असेल तर वाटेतल्या जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढणं फायद्याचं असतं. अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्यासारखी नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन पुढे पाठवता येतं. तासगावहून मिरज जवळ आहे, तिथे थेट कॅथ लॅब (अँजिओप्लास्टी करण्याची सोय) असलेलं ठिकाण निवडा. ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे १५५३८८ वर आधीच विचारा. रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवा.

त्याच पिशवीत आताचा नॉर्मल ईसीजी. रात्री दोन वाजता नवा ईसीजी काढल्यावर तुलनेला जुना हातात असेल तर निर्णय लवकर होतो. हा कागद उष्णतेने उमटणारा असतो: लॅमिनेशन केलं तर पूर्ण काळा पडतो, उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये वर्षभरात फिका होतो. झेरॉक्स काढून घ्या आणि मोबाइलमध्ये सपाट ठेवून फोटो काढा, नाव आणि तारीख दिसेल असा.